शिरगणती

पहाटे चारला शाळेमागच्या अंगणात
ऑर्विलनं बसचं दार ओढण्याआधी मोजलं: एकेचाळीस.
व्हर्जिनियाच्या हद्दीत, पेट्रोलपंपावर,
शौचालयाची रांग संपल्यावर: एकेचाळीस.

आठवीचा वर्ग नावांनी मोजू नये.
नावाला कुणीही ओ देतं.
डोकी सहसा आपापल्या धडावर राहतात.
हे हॅझलरिगबाईंनी सांगितलं होतं,
निवृत्तीच्या दिवशी, गळ्यातली शिट्टी माझ्या गळ्यात घालताना.
त्यांनी वीस सहली नेल्या. एकही मूल कमी आणलं नाही.

सोन्याच्या ताऱ्यांच्या भिंतीपाशी रेंजर म्हणाला,
एक तारा म्हणजे शंभर माणसं.
मॅटी-लूनं हात वर केला:
"आणि एकशे एकावा?
त्यानं आणखी नव्याण्णव मरेपर्यंत थांबायचं?"
रेंजरनं टोपी सारखी केली.
गणित मी शिकवते. मीही पाण्याकडे बघत राहिले.

लिंकनच्या पायऱ्यांवर ब्रँटलीच्या सँडविचमधली मोहरी सांडली.
गुडघ्यांवर बसून पुसली,
वर खुर्चीत बसलेल्याकडे न बघता.
एकेचाळीस.

मग पाऊस.
मुख्याध्यापकांनी घाऊक भावात आणलेले
राखाडी प्लॅस्टिकचे झगे वाटले,
एकाच मापाचे, टोपीसकट;
त्यात शिरताच सगळी मुलं सारखी झाली.

कोरियाच्या युद्धातले शिपाई
झुडपांतून चालत येत होते.
पोलादी. त्यांच्याही अंगावर झगे,
त्यांच्याही झग्यांत वारा भरलेला, थिजलेला.
मी मोजलं. साठ.
पुन्हा मोजलं. साठ.
शिपाई एकोणीस, हे फलकावर वाचलं होतं,
वजाबाकी तिसरीच्या पोराला येईल,
पण माझी बोटं ओली होती आणि झगे हलत होते
आणि कुठले हलत नाहीत ते दिसेना.
तिसऱ्यांदा: एकोणसाठ.

शिट्टी वाजवली.
चाळीस टोप्या वळल्या.
एकोणीस वळल्या नाहीत.

वेलन साखळीच्या पलीकडे होता,
शेवटच्या शिपायाच्या मागे, एक पाय पुढे टाकून.
ओरडणार होते. तो म्हणाला,
"बाई, त्या पुढच्यानं बघा मान मागे वळवलीय.
तोपण मोजतोय."

मी त्याला दंडाला धरून आणलं.
जरा जोरातच धरलं असेन.

काळी भिंत शेवटी.
शाळेच्या स्वयंपाकघरातल्या बर्नीसनं
पाकिटात पातळ कागद दिला होता,
मागे फळीचा आणि ओळीचा आकडा.
पेन्सिल आडवी घासायची, नाव आपोआप उठतं, म्हणाली.
मॅटी-लूनं छत्री धरली, ब्रँटलीनं कागद, मी घासलं.
आडनाव उठलं.
नावावर पाणी गेलं, कागद फाटला.
"चालेल का त्यांना?" ब्रँटलीनं विचारलं.
आडनाव तिचंही तेच आहे, मी म्हटलं.
ते उत्तर नव्हतं, त्यालाही कळलं.
तुकडा मी हजेरीपटात ठेवला, वाळायला.

रात्री बस डोंगरात शिरली.
काचा वाफाळलेल्या, झगे रॅकवरून ठिबकणारे,
बटाट्याच्या वेफर्सचा आणि ओल्या मोज्यांचा वास.
ऑर्विलनं आरशातून विचारलं, "भरले सगळे?"
हे तो प्रत्येक थांब्यानंतर विचारतो, मी आकडा सांगते.

मी हजेरीपट उघडला.
कागदाचा तुकडा बाजूला सारला
आणि नावं वाचायला लागले, मोठ्यानं,
ॲबशायर, ब्लँकेनशिप, कॉडिल,
झोपेतले, चिडलेले, एकेक "हजर" येत गेले,
कुणीतरी मागून विचारलं, बाईंना झालंय काय.

ब्रँटली तोंड उघडं टाकून घोरत होता.
त्याच्या नावाला मॅटी-लूनं ओ दिली.
आवाज जाड करून.

मी बरोबरची खूण केली
आणि पुढचं नाव वाचलं.