डावा गुडघा

केसपेपरवर एवढंच: झरूक, शादली. वय एकाहत्तर.
गाव बिझर्त, देश ट्युनिशिया. डावा गुडघा, पूर्ण बदल.
व्यवसायाच्या रकान्यात कुणीतरी खरडलेलं: निवृत्त.

कशातून, ते मला एक्स-रेनं सांगितलं.
घासून गुळगुळीत झालेली वाटी, कडेला हाडाचे काटे,
आणि नडगीवर आडवी पांढरी रेघ,
मोडून, घाईत सांधलेली.
"बाबा मोडक्या पायावर खेळलेत," मी म्हटलं.
मुख्तारनं अरबीत सांगितलं
(डोंगरीचा मुख्तार, कुवेतच्या दुकानात भाषा शिकलेला).
म्हातारा हसला. दोन बोटं वर केली:
दोनदा.

माझगावात, चौथ्या मजल्यावर, त्याला कोण ओळखणार?
झाडूवाल्या मावशी म्हणतात खजूरवाले बाबा,
कारण त्याची बायको येत्याजात्याच्या तळहातावर खजूर ठेवते.
प्रणित वॉर्डबॉयच्या मोबाइलच्या पाठीवर
दुसऱ्याच कुणाचा नंबर, दुसराच देश.
तिकडे, ती सांगते, बंदराच्या गल्लीत
न्हाव्याच्या दुकानात याचा फोटो
आरशाहून मोठा आहे.
लोक आधी याला बघतात, मग स्वतःला.

तिसऱ्या दिवशी वॉकर.
खाटेपासून खिडकीपर्यंत, जिथून गोदीच्या क्रेन दिसतात.
"चला बाबा. एक."
टाच टेकवतो, जणू पाणी किती खोल ते बघतोय.
शिव्या देतो. मुख्तार त्यांचं भाषांतर करत नाही.
"दोन. तीन. गुडघा वाकवा, कंबर नको."

चारशे सातमधला अल्जेरियन,
भावाच्या मूत्रपिंडासाठी महिनाभर इथेच,
कागदी कपात चहा घेऊन चालला होता, तो दारात थांबला.
चहावर साय धरेपर्यंत थांबला.
मग एक तारीख म्हणाला. नुसती तारीख.
म्हातारा तसाच, एक पाय अधांतरी.

मुख्तार अडखळत:
"हा म्हणतो, पेनल्टी होती. तू डावीकडे बघितलंस
आणि उजवीकडे मारलास.
मी गोलच्या मागे होतो, अकरा वर्षांचा.
घरी जाताना बाप बोलला नाही.
दुसऱ्या दिवशी त्यानं रेडिओ विकून टाकला."

खोलीत एसीचा आवाज.
मी म्हणायला हवं होतं, बाहेर व्हा, पेशंट उभा आहे.
नाही म्हटलं.

म्हातारा वॉकरच्या मुठींकडे बघत बोलला,
मुख्तारनं दोनदा विचारून खात्री केली:
"मला डावीकडेच मारायचा होता.
टेकलेला गुडघा दगा देऊन गेला. हाच.
बॉल जिथे गेला तिथे गेला.
त्रेचाळीस वर्षं सगळे म्हणतात, काय फसवलंस!
मी हो म्हणत आलो."

बायकोच्या हातातला खजूर हातातच.
तिनंही पहिल्यांदाच ऐकलं, हे कळायला
दुभाष्या लागला नाही.

अल्जेरियन किती वेळ हसला, की ते हसू नव्हतं,
मला पाठमोरं नीट दिसलं नाही.
कप खिडकीत ठेवून आला,
वॉकरच्या दुसऱ्या बाजूला हात घातला
आणि माझ्याकडे बघून मान हलवली: मोज.

तो जुना गुडघा सोमवारीच पिवळ्या पिशवीत गेला,
मीच सही केली होती, नेहमीची.

"चार," मी म्हटलं.
मागून बायको काहीतरी तोडून बोलली, दोघंही म्हातारे चपापले.
"न्हाव्याला सांगायचं नाही," मुख्तार म्हणाला,
"असं म्हणतायत बाई."

पाच.