सुतारकामाखाली

पुस्तकाला पाठ असते, पाठीवर नाव.
माझ्याकडे येतं ते सगळं बिनपाठीचं,
चकत्या, डबे, फिती, काळ्या पाकिटांतल्या निगेटिव्ह.
आता दुसरा मजला, जिन्याला लागून,
कारण पुराच्या साली तळमजल्यावर
कृष्णामाई तीन दिवस वाचत बसली होती
आणि जाताना बरीच लेबलं घेऊन गेली.

मुमताज शिकलगार बाराच्या सुमाराला आल्या.
मिरजेहून, सिटी बसनं. पिशवीत चष्म्याची दोन घरं.
म्हणाल्या, एक्याऐंशीच्या उन्हाळ्यात
विद्यापीठाची माणसं आमच्या गल्लीत आली होती
मशीन घेऊन. अब्बांचं काहीतरी असेल, बघा.

मी 'सतार' टाकलं. शून्य.
'तंबोरा'. एक लेख, तोही भोपळ्यांच्या भावावर.
'मिरज' पहिली वेलांटी, 'मीरज' दुसरी,
'वाद्यनिर्मिती', 'कारागीर', 'हस्तव्यवसाय'.
यंत्र अडाणी नसतं,
कुणी जेवढं सांगून ठेवलं तेवढंच त्याला येतं.
बाई म्हणाल्या, अब्बा म्हणायचे, आपण सुतारच,
आपलं लाकूड तेवढं बोलतं.
मी 'सुतारकाम' टाकलं.

तीन नोंदी. तीन कपाटांत.
फोटो : दोन हात, एक कानस, चेहरा चौकटीबाहेर.
फिल्म : चार मिनिटं, मुकी.
ध्वनिफीत : एक्केचाळीस मिनिटं. वक्ता, अज्ञात कारागीर.

फोटो त्यांनी उचलला नाही. टेबलावरच ठेवून
अंगठ्याचं नख बघितलं, मधोमध चिरलेलं.
"हेच," म्हणाल्या, वांगी निवडावीत तसं.

फिल्ममध्ये अब्बा तार ओठांत धरून
कुणाला तरी हसत होते.
"आवाजपण लावा ना, बरोबरच."
म्हटलं, जुळणार नाही बाई,
दिवस वेगळे आहेत, टिपणारी माणसं वेगळी.
"लावा."

लावलं. दोघींच्या कानांवर हेडफोन.
पडद्यावर ते बशीतून चहा पितात
आणि कानात कानस चालते, खर्र, खर्र,
मग थांबून एक तार : अजून बंद.
पुन्हा खर्र. पुन्हा तार. अजून नाही.
तिसऱ्या मिनिटाला, एकदाच,
हात आणि आवाज एकदम थांबले.
मग पुन्हा ज्याची त्याची वाट.

फिल्म संपली. पडदा काळा. आवाज चालूच.
जवारी लागायला किती वेळ लागतो
हे मला त्या दुपारी कळलं.
आणि सतराव्या मिनिटाला दारातून एक पोरगी :
"अब्बा, ये डिब्बा बोलता क्या?"
कानस न थांबवता ते :
"ना बेटा. सुनता."

मी हसून बघितलं. तुम्ही?
त्यांनी हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरला होता.
"मी शाळेत होते तेव्हा. ही खैरून."
पुढे काही नाही. मीही विचारलं नाही.
"तेवढंच परत लावता?"
अकरा वेळा लावलं.
जेवणाची सुट्टी होती, मग नव्हती.
बाजार समितीकडून हळदीचा वास आत यायला लागला.

नोंद-दुरुस्तीचा फॉर्म चार पानी आहे.
'अज्ञात' खोडून 'हैदर शिकलगार' लिहायला
पुरावा लागतो, समितीच्या सह्या लागतात,
आणि बैठक दिवाळीनंतर.
तो त्यांनी नीट भरला. नातं : मुलगी.
पण सतराव्या मिनिटाला रकानाच नाही.
वक्ता नाही, वादक नाही, सहाय्य नाही,
पाच शब्द विचारून दारातून पळालेली.

डब्याच्या झाकणाला आतल्या बाजूनं कागद असतो.
त्यावर मी पेन्सिलीनं लिहिलं, नियमात नसताना :
१७ मि., मुलीचा आवाज.
नाव कसं लिहायचं, विचारलं.
"खैरुन्निसा," त्या म्हणाल्या, "न ला न जोडून.
शाळेत मास्तर नेहमी एकच लिहायचे."