हयातीचा दाखला

डुलूथला नोव्हेंबरात साडेचारलाच दिवे लागतात.
ग्रंथालयाच्या तळघरात, बॉयलरच्या शेजारी
माजी सैनिक विद्यार्थ्यांची खोली:
दोन सोफे, गळकं कॉफीयंत्र,
आणि काचेमागं मी.

माझं काम हिशेबाचं.
कोणी किती विषय घेतले, किती सोडले,
विषय सोडला तर घरभाड्याला किती कात्री लागेल
हे सोडायच्या आधी सांगणं.

फौजेतली वर्षंही मीच विषयांत बदलून देते.
कवायत: शारीरिक शिक्षण, क्रेडिट दोन.
नकाशावाचन: भूगोल, एक.
प्रथमोपचार: आरोग्यशास्त्र, तीन.
ब्रेंट नीमीनं तो कागद उलटा करून पाहिला,
मागं अजून काही लिहिलंय का म्हणून.
मागं काही नव्हतं.

ब्रेंट चौतिसाचा. वर्गातली बाकीची अठराची,
चुकून त्याला सर म्हणतात आणि जीभ चावतात.
तो भिंतीला पाठ लावून बसतो, दार दिसेल असा.
मी पत्र तयार केलं: यांची जागा बदलू नये,
परीक्षेला वेगळी खोली, दीडपट वेळ.
तीन आठवडे त्यानं ते खिशातच ठेवलं,
मग पँटसकट धुतलं.
दुसरं छापून दिलं तर म्हणाला,
"शाई पक्की नाही तुमच्या प्रिंटरची."

माझे थोरले काका पुरवठा दलात होते.
दर नोव्हेंबरला मिशी कातरून, इस्त्रीचा शर्ट घालून
पेन्शनीच्या बँकेत जायचे,
साहेबासमोर उभं राहून सांगायचे, मी जिवंत आहे.
येताना भजी आणायचे.
जिवंत असल्याची भजी, म्हणायचो आम्ही,
आणि कांद्याच्या भज्यांवरून भांडायचो.

इथंही तेच.
महिनाअखेरीला फोनवर सरकारची एक ओळ येते:
अजून शिकताय ना? हो किंवा नाही कळवा.

ऑक्टोबरचं हो ब्रेंटनं कळवलं नाही.
एखादं राहिलं तर चालतं.
पण मग तो वर्गात दिसेना,
सोफ्यावर दिसेना,
फोन नुसता वाजत राहिला.

डार्सी, नौदलातली, आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला,
म्हणाली, चला, गाडी काढते.
चढावर बर्फ. वायपर रडत होता.
दार वाजवताना ती समोर उभी राहिली नाही,
बाजूला सरली, आणि मलाही
कोपरानं मागं ढकललं.

उघडलं. दाढी. खिडक्यांना ब्लँकेटं.
टेबलावर संख्याशास्त्राचं पुस्तक, पान एकसष्ट.
"हरणांचा हंगाम लागलाय," तो म्हणाला,
"दिवसभर बार."
एवढंच.

डार्सीनं फ्रिज उघडला, बंद केला,
अंडी आणायला गेली.
मी राहिले. हिशेबाची बाई काय बोलणार?
मंगळवारी दहाला समुपदेशकाची वेळ मिळते, म्हटलं,
खोली दुसऱ्या मजल्यावर, दोन दारं आहेत तिला.
दोन दारांचं ऐकून त्यानं मान वर केली.
मग म्हटलं, फोन कुठाय?

उशीखालून काढला.
बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसला.
"खरं उत्तर द्यायचं का?"
"रजिस्टरात नाव आहे," मी म्हटलं,
"सरकारला तेवढं खरं पुरतं."
अंगठा थांबला, मग हलला.
हो.

तेवढ्यात टेकडीपलीकडे एक बार झाला.
डार्सी ओट्याशी होती. तिच्या हातातलं अंडं
भांड्याबाहेर फुटलं.
कोणी काही बोललं नाही. तिनं फडकं घेतलं.

ऑम्लेट करपलं. ताटल्या दोनच,
म्हणून तव्यातूनच खाल्लं, उभ्यानं,
ब्रेंट दाराकडे तोंड करून,
आम्ही ब्रेंटकडे.

मंगळवारचं त्यानं अजून काही सांगितलेलं नाही.