वाजवून घेतलेली

मडकं वाजवून घ्यावं तशी होडीही घ्यावी,
एवढंच मला ठाऊक. बाकी सगळं
मेव्हण्यानं पाकिटाच्या पाठीवर लिहून दिलेलं:
किलची पिन बघ. शिडं उन्हात धर.
चाकांची बेअरिंगं हातानं फिरव.
मालक जे बोलणार नाही, ते ऐक.

आर्मस लेहटिनेनला स्वतःलाच ऐकू येत नव्हतं.
चाळीस वर्षं लाकडाच्या गिरणीत, करवतीशेजारी.
सुपीरियर सरोवरापासून दोन मैल आत,
कोठाराच्या आडोशाला ट्रेलरवर
त्याची एकोणीस फुटी होडी,
डेकवर बर्चच्या पानांचा चिखल,
कुशीवर निम्मं सोललेलं नाव: टीरा.
त्यांच्या भाषेत सुरय पक्षी.
अकरा हिवाळे जमिनीवर काढलेला.

मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं डेक वाजवू लागलो.
तो काही न बोलता शिडी चढला,
केबिनमधल्या बाकावर उताणा झाला
आणि आतून छताला तळहात लावला.
वर मी, खाली तो, मध्ये फायबरच्या दोन पापुद्र्यांत
बोटभर जाडीचं बाल्साचं लाकूड.
टण. टण. टण.
डोलकाठीच्या पायाशी मला वाटलं, ठीक आहे,
पुढं सरकलो, तर खालून आवाज:
"तिथंच. परत."
बद्द.
"हं. इथं पाणी प्यायलीय."

अशा चार जागा सापडल्या,
त्यातल्या तीन त्याच्या तळहाताला.
प्रत्येकीभोवती मी खडूनं गोल काढला
आणि मनातल्या मनात दोनशे डॉलर वजा केले,
आणि दर गोलागणिक
त्या वजाबाकीची जरा जास्तच लाज वाटत गेली.

पुढचं शीड धुऊन धुऊन विरलेल्या चादरीसारखं.
टायरांना भेगा. इंजिन बरं होतं,
पण ते म्हणे जावयाला कबूल केलंय.
जाहिरातीत आकडा होता चोवीसशे.
मी ट्रेलरच्या मडगार्डवर खडूनं लिहिलं: १६००.
त्यानं बराच वेळ त्या आकड्याकडे पाहिलं,
नोटा दोनदा मोजल्या, अंगठा चाटून,
आणि शंभराची एक मला परत दिली.
"तळातला पंप बंद आहे," म्हणाला.
"ते तू बघितलंच नाहीस."

निघताना ट्रेलरचे मागचे दिवे लागेनात.
अंधारून आलेलं. तारा खरवडल्या, फुंकल्या,
दोघांनी दोन भाषांत शिव्या दिल्या,
घोडं तिथंच अडलं.
मग त्यानं आपला पिकअप काढला
आणि माझ्या मागून येत राहिला,
दिवे लुकलुकवत, ताशी पंचवीस मैलांनी,
थेट पुलापर्यंत.
आरशात मला नुसती होडी दिसायची,
आणि तिच्या दोन्ही कडांना
पिवळं, काळं, पिवळं, काळं.

पुलाअलीकडे तो थांबला. पेट्रोलपंपाच्या उजेडात
मी मान वळवून पाहिलं:
काच खाली, हात बाहेर,
दाराच्या पत्र्यावर तळहात सपाट.