सकाळी आठचं रक्त

आधी वाटलं, आगरातलं ऊन.
आगरवाड्यात एप्रिलात कोण काळं होत नाही?
जाऊ म्हणाली, अंग चोरतेस.
नवरा काहीच बोलला नाही,
माझ्या वाटणीचं मीठ त्यानं ओढलं,
टोपली माझ्या डोक्यावर न देता आपणच उचलली.
ते जास्त लागलं.

तुयेच्या दवाखान्यात लोहाच्या गोळ्या.
म्हापशाला थायरॉइड: बरोबर.
साखर: जरा खालीच, पण बरोबर.
"टेन्शन घेऊ नका, वहिनी."
टेन्शन घ्यायलाही उठून बसावं लागतं, डॉक्टर.

सासूनं मीठमिरच्या ओवाळून दृष्ट काढली.
चुलीत टाकायच्या आधी
मी तिच्या मुठीतलं मीठच चाटलं.
तिनं पाहिलं. गावात सांगितलं नाही, हे तिचे उपकार.

पेजेवर, कैरीवर, नुसतं तळव्यावर,
ढिगाच्या कडेचं, जाडं, चिखल लागलेलं,
गुरासारखं.
हे मी कुणाला बोलले नव्हते.
कुणी विचारलं नव्हतं.

बांबोळीला चौथ्या खेपेला
एक कोवळी डॉक्टरीण, कुतिन्य आडनावाची,
फाइल मिटून म्हणाली, तोंड उघडा.
ओठ खाली ओढला, बॅटरी मारली.
मग हात उताणा करून रेषा पाहत बसली.
मला वाटलं, आता नशीब सांगते.
"इथं ऊन कसं पोचलं?"
हिरडीवर. रेषांच्या तळाशी.
पोटावरच्या जुन्या टाक्यांच्या व्रणावर.
मी म्हटलं, नाही पोचत.
"मग मला सांगा, मीठ किती खाता?"

उत्तर द्यायला वेळ लागला. आधी रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला रक्त,
इंजेक्शन, अर्ध्या तासानं परत रक्त.
सोडियम कमी आलं.
म्हणजे मीठच, ती म्हणाली,
आणि मिठागरातल्या बाईला हे सांगताना
तीच ओशाळली.
मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन चिमुकल्या ग्रंथी असतात,
माझ्या सुकल्या होत्या,
कधीतरी येऊन गेलेल्या, मला न कळलेल्या क्षयानं.
मानस उघडली नाही तर कोंडीत पाणी येत नाही
आणि आपण फळी घेऊन
कोरडा चिखल ओढत राहतो, तसं काहीसं.
हे तिनं नाही, मीच मला समजावलं.

आता रोज गोळ्या. ताप आला तर दुप्पट.
चुकवायच्या नाहीत, मरेपर्यंत.
अंग उजळायला वेळ लागेल म्हणतात.
दुपारी पाय अजून जड होतात.

परवा जाऊ सांगत होती,
तिची धाकटी हल्ली सारखी झोपते,
आळशी झालीय कार्टी.
मी म्हटलं, बोलाव तिला.
अंगणात उजेडाला उभी केली, तोंड उघड म्हटलं.
काही नव्हतं. गुलाबी हिरडी, एक किडलेली दाढ.
तरी आळशी म्हणू नकोस, म्हटलं.
बुधवारी मी बांबोळीला जातेय.
तिलाही पाठव बरोबर. उपाशीपोटी.