हातचा

रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर
यास्ना दरपत्रक लिहायला बसते.
मुलीच्या जुन्या वहीचं शेवटचं पान,
कोपऱ्यात अर्धवट राहिलेला डायनोसॉर.

केस कापणे, आठ हजार पेसो.
खोडते. दहा.
तेही खोडते, आणि मग एकदाचं मांडतेच सगळं
किराण्याच्या यादीसारखं:
रंगाची ट्यूब, अर्धी उरते, पण उरलेली वाळून जाते.
हातमोजे.
कात्रीची धार, बंदराजवळच्या त्या बहिऱ्या लोहाराकडे.
बसभाडं. टेकडीची लिफ्ट बंद असली,
आणि ती बंदच असते,
तर एकशे बासष्ट पायऱ्या,
खांद्यावर ड्रायर, पोटाशी टॉवेलांचं गाठोडं,
वालपाराइसोचा वारा तोंडावर खारट.
पायऱ्यांचे किती?
पायऱ्या कुणी धरतच नाही.

उजवीकडून बेरीज. एकक, दशक.
खाली उत्तर, वर बारीक अक्षरात हातचा एक.
हातचा विसरलीस की गणित चुकलं, बाई म्हणायच्या.
अकरा वर्षं विसरत आली ती,
अंगठ्याच्या मुळाशी रात्री ठसठसणारा,
गरम पाण्यात बुडवून ठेवावा लागणारा
तो हातचा.

आपल्यातल्या आपल्यात काय घेणार तू?
खाली दुकानात सहा हजारांत करतात की.
यावर ती म्हणायची, द्या हो, वाटेल ते.
त्यांना वाटायची चार लिंबं,
कालची एम्पानादा,
एकीला नुसतंच वाईट वाटलं.
भीड भिकेची बहीण, आणि ही बहीण
तिच्याच घरी मुक्कामाला.

फक्त दोन्या एदेल्मिरा, कोर्दियेरा टेकडीवरची,
कमी सांगितलं तर रागवायची.
नोटा आधीच मोजून बशीखाली ठेवलेल्या.
"या टेकडीवरच्या अर्ध्या नवऱ्या मी शिवलेल्या झग्यांत गेल्या.
पैसे विचारले की मी म्हणायची, राहू दे.
राहिलं बघ," असं म्हणून
शिलाईत वाकडं झालेलं बोट पुढे करायची,
आणि म्हणायची, मागून जरा आणखी कमी कर,
मानेला उकडतं.

मंगळवारी तिच्या मुलाचा फोन आला.
पायऱ्या तेवढ्याच होत्या.
केस धुतले, रोलर लावले.
एरवी सांगितलं की मान वळायची,
आज डाव्या हातावर डोकं तोलून धरावं लागलं,
एका हाताने विंचरणं किती हळू होतं.
मागून जरा आणखी कमी केले.
सवयीने आरसा उचलला तिने, मानेमागे धरायला,
आणि तसाच उभा राहिला हात,
मग पिशवीत घातला, टॉवेलात गुंडाळून.

बोळात मुलाने विचारलं, किती झाले?
राहू दे, हा शब्द गळ्यापर्यंत आला,
अगदी दातांपर्यंत.
"बारा हजार," ती म्हणाली.
"आणि पायऱ्यांचे एक."
त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. पंधरा दिले.
वरचे ठेव म्हणाला.
तिने नाण्यांच्या बटव्यातून दोन हजार मोजून परत केले,
थरथरत, एक नाणं खाली पडलं, तेही शोधून.
उतरताना तिला रडू आलं
ते कशाचं, हे तिने अजून लावलेलं नाही हिशेबात.

आता वहीत,
केस कापणे, बारा.
पायऱ्या, एक.
त्या मंगळवारच्या कामाला ओळ नाही,
ओळ सोडून ठेवते, रिकामी.

इतक्यात फोन वाजतो. शेजारची मारित्सा:
उद्या येशील? नुसती पुढची झालर, पाच मिनिटांचं काम,
किती घेशील गं?

यास्ना आकडा लिहिते.
त्यापुढे एक हसरा चेहरा टाकते.
बघत राहते.
मग चेहरा तेवढा खोडते.