बोटात राहिलेला दोर

रात्रीचे तीन. घुमटाचं दार उघडं,
एल्कीच्या खोऱ्यातली थंडी मफलरमधून आत.
आन्नेकेबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या,
"नोल्बेर्तो, दिवा लावून पुन्हा तपासू."

तपासलं. यंत्र शहाणंच होतं.
त्या ताऱ्याच्या रेषा खरोखर
इतक्या तांबड्याकडे सरकल्या होत्या
की आकडा वाचण्याआधी बाईंनी चष्मा पुसला:
सेकंदाला सतराशे किलोमीटर.
एवढा वेग आकाशगंगेला आवरत नाही.

मग स्वयंपाकघरात, चहा निवत असताना,
साखरेचे दोन खडे घेऊन त्यांनी मला समजावलं.
आधी दोघं होते, एकमेकांभोवती फिरणारे.
फिरत फिरत गेले पार मध्याशी,
जिथे तो जड, काळा, न दिसणारा बसलाय.
त्याने एकाला धरलं.
धरलेल्याने जे गमावलं ते दुसऱ्याच्या अंगात आलं,
आणि दुसरा फेकला गेला.

मी म्हटलं, गोफण.

आई शेळ्या राखायची, उर्तादोच्या वरच्या माळावर.
तिच्या कमरेला काळ्या केसांची वळलेली गोफण.
एक दोर बोटात अडकवलेला, दुसरा चिमटीत.
गरगर, गरगर,
आणि चिमटी सोडायची.
दगड बरोबर चुकार शेळीच्या तोंडापुढे.

"आणि धरलेला?" मी विचारलं.
"फिरत असेल तिथेच, अगदी जवळून. किंवा..."
बाईंनी खडा चहात टाकला.
टाकल्यावर त्यांचं त्यांनाच कसंसं झालं असावं,
कप तसाच राहिला.

मला दोन मामा.
त्र्याहत्तरच्या सप्टेंबरात
दोघं एकाच सायकलवरून ओवायेला गेले.
नेक्तारियोमामा तेव्हापासून स्वीडनमध्ये,
माल्मोला बसगाड्या धुवायचा, आता पेन्शनीत.
रविवारी फोन करतो. हवा विचारतो,
शेळ्या किती व्याल्या विचारतो.
लिबोरियोमामाचं नाव तो काढत नाही.
आई मात्र मरेपर्यंत, दर वर्षी,
कचेरीत जाऊन ते पुन्हा लिहून यायची.
कारकून बदलत गेले,
स्पेलिंग तीच सांगायची, अक्षर अक्षर.

उजाडायच्या आत बाईंनी पुढचा तारा दिला.
मी दुर्बीण वळवली.
वाटेत धनू रास लागली, दाट, धुळकट,
मध्य तिच्यातच कुठेतरी.
बटणावरचं बोट उचललं गेलं.
दुर्बीण थांबली.

"काय झालं?"
"काही नाही," म्हटलं,
आणि पुढे नेली.